बाकी जुनं चालू

कामोठे,
६ फेब्रुवारी २०२५

मा. वैद्यकीय अधिकारी,
बेलखार आरोग्य केंद्र यांस,

मी काशीराम घरत, पोस्टातून निवृत्त. पनवेल तालुक्यात छत्तीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळे कुठलं पत्र उत्तर देण्यासाठी असतं आणि कुठलं फायलीत लावून टाकण्यासाठी, हे मला कळतं. हे पहिल्या प्रकारचं आहे. फोनवर बोललेलं नंतर कुणीच बोललेलं नसतं, म्हणून लिहून आणलंय. शिपायाच्या हातात न देता तुमच्या टेबलावर स्वतः ठेवतोय.

माझी थोरली बहीण गोदूबाई भोईर, वय एकाहत्तर, राहणार बेलखार, तुमची पेशंट. २७ जानेवारीला सकाळी मोरीत चक्कर येऊन पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. मुलगा धनेश आणि सून मिताली यांनी तिला पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा वरचं प्रेशर ऐंशी होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, प्रेशरच्या गोळ्या किती घेते? मितालीनं पिशवी उलटी केली. पाच प्रकारच्या निघाल्या. दोन तुमच्या, दोन आमच्या कामोठ्याच्या डॉक्टरांच्या आणि एक त्याच हॉस्पिटलची, नोव्हेंबरात तिला एक दिवस ठेवलं होतं तेव्हाची.

मी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून वाचले. अक्षर तिघांचंही वाईट, पण शेवटची ओळ तिन्हीकडे वाचता येते आणि ती एकच आहे: 'बाकी जुनं चालू.' कुणाचं जुनं, मॅडम? तुमचं, त्यांचं की तिसऱ्यांचं? मितालीनं सगळ्यांचं जुनं चालू ठेवलं. बिचारीनं कुणाचीच आज्ञा मोडली नाही.

९ जानेवारीला तुम्ही तिची गोळी दुप्पट केलीत. ती आणखी कुणाचं औषध घेते का, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? तुमच्या भिंतीवर हसरं कुटुंब रंगवलंय. त्या रंगाला जेवढा वेळ दिला तेवढा पेशंटला द्यायचा होता.

आता हॉस्पिटल म्हणतं, ऑपरेशनआधी केंद्राची चिठ्ठी आणा, तिला कधीपासून काय चालू आहे त्याची. केंद्रात तुमची सिस्टर म्हणते, असली चिठ्ठी हॉस्पिटलनंच द्यायची असते. दहा दिवस झाले. बहीण पायाला वजन टांगून पडून आहे आणि मी स्कूटरवर दोन्हीकडे फिरतोय. पोस्टात असं पत्र दोन वेळा परत आलं की आम्ही निदान पत्ता तपासायचो.

उत्तर लेखी हवं.

काशीराम घरत


बेलखार,
८ फेब्रुवारी

श्री. काशीराम घरत यांस,

पत्र टेबलावर ठेवताना तुम्ही चौसष्ट पेशंटांसमोर मला जे बोललात, ते पत्रात लिहिलेलं नाही. म्हणून त्याचं उत्तर देत नाही.

मला वैद्यकीय अधिकारी म्हणून इथे दीड वर्ष झालं. दुसऱ्या डॉक्टरांची जागा चौदा महिने रिकामी आहे. केंद्र बांधलं तेव्हा इथे गावं होती, आता गावांच्या डोक्यावर टॉवर आलेत. एका माणसाला तीन मिनिटं मिळतात, तीही मधे लसीकरणाच्या आकड्यांसाठी फोन आला नाही तर. ही सबब नाही. पण मी काय केलं हे सांगायचं तर ते कुठे बसून केलं, हेही सांगायला हवं.

गोदूबाईंचं प्रेशर ऑक्टोबर, डिसेंबर आणि जानेवारी, तिन्ही वेळा एकशे ऐंशीच्या वर होतं. तिन्ही वेळा मी विचारलं, गोळ्या घेता ना? तिन्ही वेळा त्या 'घेते' म्हणाल्या. गोळी घेऊनही प्रेशर उतरत नसेल तर डोस वाढवतात. तो मी वाढवला. 'बाकी जुनं' म्हणजे आम्ही दिलेली शुगरची गोळी. मी दुसरं कुठलं जुनं लिहिणार? दुसरं काही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता तुम्हाला विचारते. सप्टेंबरात त्यांना कामोठ्याच्या डॉक्टरांकडे कुणी नेलं? तुम्ही. मला कळवलंत? त्या डॉक्टरांना तरी माझं सांगितलंत? मिताली सांगते की सरकारी दवाखान्याचा कागद तुम्ही पिशवीच्या तळाशी घालायला लावलात, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. मी न विचारल्याचा राग करता, तर तुम्ही लपवलंत त्याचं काय करायचं?

आणि रागापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. तुम्हाला तारखांची सवय आहे, म्हणून तारखा बघा. कागदांप्रमाणे नोव्हेंबरात त्या प्रेशरच्या चार गोळ्या घेत होत्या आणि प्रेशर एकशे नव्वद. जानेवारीत पाच, तरी एकशे चौऱ्याऐंशी. मग अठरा दिवसांत एकदम ऐंशी कसं? इतक्या गोळ्या पोटात जात असत्या तर त्या दिवाळीतच पडल्या असत्या. काहीतरी जुळत नाही. गोळ्या कोण देतं, आणि कधीपासून?

चिठ्ठी सोबत आहे. माझ्याकडून काय दिलं तेवढंच त्यात आहे, कारण मला तेवढंच माहीत आहे.

डॉ. शाजिया परकार


कामोठे,
१० फेब्रुवारी

डॉक्टर मॅडम,

शाब्बास. हाड मोडलं माझ्या बहिणीचं आणि आरोपी मी.

कागद तळाशी घातला, खरं आहे. कामोठ्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सरकारी गोळ्यांचं पाकीट बघून नाक मुरडलं होतं. चारचौघांत बहिणीला ओशाळवाणं व्हायला नको म्हणून घातला. काल त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, केंद्राच्या मॅडमशी एकदा बोला. ते म्हणाले, 'मी दुसऱ्याचे कागद वाचत नाही, माझा पेशंट माझा.' पेशंट तुमचा, मग तिचा खुबा कुणाचा, असं मी विचारलं. पुढचं लिहीत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २० जानेवारीपर्यंत ती स्वतः घ्यायची. त्या दिवशी कामोठ्याच्या डॉक्टरांनी मितालीला झापलं की घरात कुणाचं लक्ष नाही. तेव्हापासून मिताली गोळ्या हातावर ठेवते, पाणी देते आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते. म्हणजे तुम्हाला सुचवायचंय की त्याआधी गोदूताई घेतच नव्हती आणि तुमच्याशी तीनदा खोटं बोलली.

मॅडम, तुम्ही तिला ओळखत नाही. आमचा बाप मिठागरात, नवरा मिठागरात, ती स्वतः तीस वर्षं पोटरीएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती. पाय अजून फाटलेले आहेत. जुलैमध्ये तुम्ही तिला मीठ बंद सांगितलंत. मी वर दम दिला की मिठाला हात लावलास तर माझं तोंड बघू नकोस. त्या दिवसापासून तिनं सुके बोंबील शेजारी देऊन टाकले, लोणच्याची बरणी मितालीच्या खोलीत नेऊन ठेवली. जिनं जन्मभर मीठ पिकवलं ती सात महिने आळणी कालवण खाते आहे आणि एकदाही कुरकुरली नाही. अशी बाई गोळी चुकवेल?

आता हॉस्पिटलचं ऐका. त्यांनी सगळ्या गोळ्या थांबवल्या, प्रेशर दोनशे दहा. घाबरून सगळ्या सुरू केल्या, प्रेशर नव्वद. ऑपरेशनच्या दोन तारखा गेल्या. आता किडनीच्या तपासण्या लावल्यात, एवढ्या औषधांनी न उतरणारं प्रेशर आहे तरी कसलं ते शोधायला. भूल देणारे डॉक्टर म्हणतात, खरं काय ते कळेपर्यंत मी टेबलावर घेणार नाही. पाठीला जखम पडायला लागली आहे. काल मला म्हणाली, 'काशा, मना घरा ने. पाय ऱ्हाऊ दे तसाच.'

तुम्हाला कोडं सोडवायचंय ना, मग तिथे जाऊन सोडवा. कागदावर नको.

काशीराम घरत


बेलखार,
१३ फेब्रुवारी

काशीरामकाका,

गेले होते. मंगळवारी ओपीडी उरकून थेट हॉस्पिटलात. तुम्ही नुकतेच घरी गेला होतात, ते बरंच झालं.

सवयीनं तोंडात आलं होतं, 'मावशी, गोळ्या घेत होता ना?' तो प्रश्न गिळला. सगळ्या गोळ्या त्यांच्या पांघरुणावर मांडल्या आणि विचारलं, मावशी, यातली कुठली तुम्हाला पटत नाही? त्यांनी एकेक गोळी जवळ घेऊन पाहिली. मग प्रेशरच्या पाचही गोळ्या हातानं बाजूला सारल्या. शुगरची तेवढी राहू दिली.

"मॅडम, तुमीच सांगलाव मीठ बंद," त्या म्हणाल्या. "मंग साल्टची गोली कशी खाऊ?"

मी विचारलं, कसलं साल्ट?

"साल्ट म्हंजे मीठ. यवरा पन मना कलत नाय का? मिठागरावं साल्टचा सायेब येचा, बांदावं उभा ऱ्हाऊन लिवून नेचा. विंग्रजीचा यकच शबूद मना येते."

काका, आणखी स्पष्ट करून लिहिते, कारण हे वाचताना तुम्हालाही माझ्यासारखंच दोनदा वाचावं लागेल. औषधाच्या दुकानात 'सॉल्ट' म्हणजे गोळीतलं मूळ औषध. कंपनी बदलली पण औषध तेच आहे, हे सांगायचं असलं की 'सॉल्ट तेच आहे' म्हणतात. मिठाशी त्याचा काही संबंध नाही. मावशींना कुणीतरी सप्टेंबरात हेच वाक्य सांगितलं. साल्ट तेच, म्हणजे जुन्या गोळीतही मीठ आणि नवीतही मीठ, असा त्यांनी हिशेब लावला आणि त्या दिवसापासून प्रेशरची एकही गोळी खाल्ली नाही. पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. मितालीला शोधायला सांगितलं, तो भरलेला निघाला. फेकल्या का नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, सरकारचा माल फेकायचा कसा.

प्रेशर उतरत नव्हतं कारण गोळ्या डब्यात जात होत्या. आम्ही तिघं एकमेकांना न विचारता त्या डब्याचा डोस वाढवत बसलो. मग २० जानेवारीला मितालीनं अख्खा डोस एकदम पोटात घातला आणि सातव्या दिवशी त्या पडल्या. त्यांनी तेव्हाही तोंड उघडून सांगितलं नाही, कारण सुनेला दुसऱ्यांदा बोलणी बसायला नकोत. आणि माझ्याशी 'घेते' का म्हणालात, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमी मीठ बंद करून मिठाचीच गोली दिलाव. वरती कलला असता तं तुमची नोकरी गेली असती. पोरीची जात."

त्या माझी चूक झाकत होत्या. मी वॉर्डाबाहेर जाऊन जिन्यात बसले. इतका राग मला कधी आला नव्हता आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पाच महिन्यांत त्यांनी मला एकदा विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

कुणी सांगितलं, हे दोनदा विचारलं. "ता नाय सांगनार," म्हणून भिंतीकडे तोंड केलं. ज्यानं कुणी हा शब्द अर्थ न सांगता त्यांच्या कानात घातला, त्याला आणून माझ्यासमोर बसवा. मला त्याच्याशी बोलायचंय.

बाकी काम केलंय. तिन्ही ठिकाणची औषधं आणि खरी हकीकत एका पानावर लिहिली. कामोठ्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते आधी म्हणाले, मला शिकवू नका. सगळं ऐकल्यावर म्हणाले, माझ्या दोन्ही बंद करा, तसं लिहा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते पान माझ्यासमोर वाचलं आणि किडनीच्या तपासण्या रद्द केल्या. आता एकच गोळी चालू आहे. दोन दिवस प्रेशर एकशे चाळीसच्या आसपास आहे. असंच राहिलं तर सतराला ऑपरेशन.

एक पान, काका. सगळ्याला मिळून एक पान लागलं.

शाजिया परकार


कामोठे,
१५ फेब्रुवारी

डॉक्टर मॅडम,

तुमचं पत्र वाचून मी तडक फारूकच्या मेडिकलवर गेलो. गोदूताईची विकतची औषधं कायम त्याच्याकडूनच येतात. काउंटरवर हात आपटून म्हटलं, कुठल्या हक्कानं तू माझ्या बहिणीला सॉल्ट-बिल्ट शिकवलंस. गिऱ्हाईकं मागे सरली. फारूकनं मला पाणी दिलं. म्हणाला, "काका, गोदूमावशीला मी आजतक बघितलंच नाही. औषध न्यायला तर तुम्हीच येता."

तिथल्या स्टुलावर बसलो आणि सगळं आठवलं.

सप्टेंबरात गणपती उठल्यानंतरचे दिवस. गोळीचं पाकीट वेगळं दिसलं म्हणून मी त्याला हटकलं. तो म्हणाला, सॉल्ट तेच आहे काका, कंपनी फक्त वेगळी. मला काही समजलं नाही. पण माझ्यामागे रोडपालीचा एक ओळखीचा मास्तर उभा होता, त्याच्यासमोर कसं विचारायचं? मी जाणत्यासारखी मान हलवली. बेलखारला गेलो तर गोदूताई दारातच होती. मी स्कूटर बंद केली नाही, हेल्मेट काढलं नाही. पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं विचारलं, "ही कनची रं? लाल पट्टीची?" मी म्हटलं, "साल्ट तेच हाय. खा मुकाट्यानं." आणि निघून आलो.

हा तो माणूस, मॅडम. तुम्हाला समोर बसवून हवा होता ना. छत्तीस वर्षं बंद पाकिटं वाटली, आत काय आहे ते न बघता. तसाच हा शब्दही नेऊन टाकला. मीठ बंद कर म्हणून दम देणारा मी आणि गोळीत मीठ आहे असं सांगणाराही मीच. तिनं दोन्ही वेळा माझं ऐकलं, आणि मी तुम्हाला तावातावानं लिहून कळवलं की ती किती ऐकते.

संध्याकाळी हॉस्पिटलात जाऊन तिला विचारलं, माझं नाव का घेतलं नाहीस? म्हणाली, "तू गरम डोक्याचा. मंग तू फारूकशी भांडला असतास." भांडून आलोच होतो. तिच्या पायाला लावलेल्या वजनाकडे बघत बसलो. मला माझी एवढी चीड कधी आली नव्हती.

पण मॅडम, म्हणून मी थंड झालो असं समजू नका. मी पोस्टमन आहे, मला गोळीतलं कळत नाही. तुम्हा तिघांना कळतं. माझी चूक मी तारीख घालून, सही करून लिहून दिली आहे. आता तुम्ही तिघे द्या.

काशीराम घरत


बेलखार,
१२ मार्च

काशीरामकाका,

तुम्ही मागितलं होतं ते सोबत जोडलंय. माझी चूक माझ्या सहीनं. कामोठ्याच्या डॉक्टरांनीही दोन ओळी दिल्यात, इंग्रजीत आणि फार तोलून, पण दिल्यात. हॉस्पिटलनं कळवलंय की पत्र योग्य विभागाकडे पाठवलं आहे.

मावशींना परवा बघून आले. वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. डावा पाय आखूड राहिला आहे आणि तो तसाच राहणार. ऑपरेशन पहिल्या आठवड्यात झालं असतं तर कदाचित नसता राहिला. आपण एकवीस दिवस एकमेकांना कागद मागत होतो. हे तुम्हाला दुखवायला सांगत नाही, तुमचा राग टिकून राहावा म्हणून सांगते आहे.

तुमची तक्रार मी माझ्या नावासकट वर पाठवली. उत्तर म्हणून नवीन फॉर्म आला. चौदा रकाने. त्यात रुग्णाचा आधार नंबर दोनदा आहे. तळाशी छापील ओळ: 'इतर औषधोपचार पूर्ववत.' म्हणजे बाकी जुनं चालू, फक्त शुद्ध मराठीत. मी त्या ओळीवर काट मारून पन्नास फॉर्म परत पाठवले. मला खुलासा मागणारी नोटीस आली आहे, ती मी, तुमच्याच भाषेत, फायलीत लावून टाकली आहे.

ऑपरेशननंतर आपण सुरू केलेली, प्रत्येक पेशंटमागे एक, अशी वही मात्र चालली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही स्कूटरवरून ज्या वह्या नेता-आणता, त्या आता एकतीस झाल्या. ज्या डॉक्टरकडे पेशंट जाईल त्यानं त्याच वहीत लिहायचं, मागचं वाचून. डॉक्टर वहीत सही करेपर्यंत तुम्ही कामोठ्याच्या दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून राहिलात आणि कंपाउंडरवर ओरडलात, ते कळलं. ओरडत राहा. मी सरकारी नोकर, मला ओरडता येत नाही.

वहीतला तिसरा प्रश्न आपण घातला तो, 'कुठली गोळी घेत नाही, आणि का?' एकतिसांपैकी एकोणीस जणांनी काही ना काही सांगितलं. एकानं गोळीची 'पॉवर' वाढवली असं ऐकून ती सोडली, चष्म्यासारखी दर वर्षी वाढतच जाईल म्हणून. गव्हाणच्या एका चाचांनी रोजे सुरू झाल्यापासून दुपारची गोळी पहाटे सहरीच्या जेवणाला सकाळच्या गोळीबरोबर घ्यायला सुरुवात केली होती. मी स्वतः रोजा धरते आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. घरी जाऊन अम्मीची पिशवी उघडली. तिच्यातही तीन डॉक्टर निघाले.

मावशी माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. रागावल्यासारख्या वाटल्या. तुम्हाला काही म्हणाल्या का?

शाजिया


बेलखार,
३० एप्रिल

(मामा आणि डॉक्टर मॅडम, आईंनी सांगितलं तसंच लिहिते आहे. शुद्ध करू नको म्हणाल्या. – मिताली)

मॅडम आनि काशा, तुमा दोगांना यकच कागद. एक पान पुरते असा तुमीच लिवलाव.

काशानी त्याचे फायलीन तुमची सगली पत्रा आनि त्याचे पत्रांची नक्कल ठेवली व्हती, ती मितालीनी मना वाचून दावली. सगल्या पत्रांन माजा नाव हाय, पन मी कुठं नाय. काशा तुमाना वरडते, तुमी काशाला वरडताव. मी मंदी खाटेवं. भांडन माजे पायाचा, आनि मना भांडाला कोनी बोलावला नाय. म्हून आता मी भांडते.

तुमी दोगा आता हलू बोलताव माजेशी, पोराशी बोलताव तसा. बिचारी अडानी, तिला साल्ट कलला नाय. मी बिचारी नाय. डाक्टरनी सांगला मीठ बंद, मी बंद केला. काशानी सांगला गोलीन साल्ट हाय, मी गोली बंद केली. दोगांचा आयकला. यान माजा काय चुकला ता दावा.

मॅडम, तुमी लिवलाव की मी यकदा पन इचारला नाय. इचारला व्हता. दसऱ्याचे आदी. मी बोलले, मॅडम, ही गोली... आनि तुमी फोनवं व्हताव. बोटानी दार दावलाव. बाहेर मोटी लाईन व्हती, मी उटले. मंग कामोठ्याचे डाक्टरला इचारला, तं त्यो बोलला, डाक्टर तू का मी? तिसऱ्याला मंग मी इचारलाच नाय. तुमचे वहीन लिवा ह्या.

काशा, तू लिवलास की तुला तुजी चीड आली. येऊ दे. पन तू पत्रान यवरा लिवलास, आनि माजेजवल बसून यकदा पन बोलला नाय. वही घेते, सही घेते, जाते. सप्टेंबरान गेलास तसाच.

आनि यक गोस्ट. ही कोनाला म्हाइत नाय, मितालीला पन आताच कलते. काशानी गोली दिली त्या दिवशी, त्यो गेल्यावं मी ती चाटून बगली. तीस वर्सा मी मिठाचा खडा जिबंवं ठेवून सांगाचे, ह्या पिकला का कच्चा हाय, आनि साल्टचा सायेब पन माजा आयकाचा. गोली कडू व्हती. खारी नव्हती. माजे जिबंनी मना तवाच सांगला, यान मीठ नाय.

पन काशा शिकलेला, फारूक शिकलेला, तुमी तं डाक्टर. यवरी शिकलेली मानसा बोलतान, मंग माजी जीबच खोटी झाली असंल, असा मना वाटला. म्हून मी गोल्या डब्यान ठेवल्या आनि गप ऱ्हायले. पाय गेला त्याचा मना यवरा नाय. मी माजे जिबंचा आयकला नाय, त्याचा मना राग हाय, आनि त्यो तुमा सगल्यांवं हाय.

वही माजी माजेजवल ऱ्हाईल. कोन काय लिवते ता मिताली मना वाचून दावल, आनि मी व्हय बोलले तरच ती पुढं जाईल. काशा, शुक्करवारी येशील तवा स्कूटर बंद कर, हेल्मेट काढ आनि बस. मी च्या ठेवते.

गोदूबाई भोईर
(आंगठा)